ज्येष्ठांचं बद्धकोष्ठ आणि रेचकं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आई-वडिलांचं औषधपाणी बघणारी मुलं, सुना, घरी येणाऱ्या मदतनीस बायका आणि स्वतः ज्येष्ठ मंडळी हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. औषधांची मूळ नावं दिली आहेत. ब्रँड कोणताही असो, बाटलीवर किंवा गोळ्यांच्या पट्टीवर बारीक अक्षरात मूळ नाव असतंच. मात्रा सर्वसाधारण आहेत. किडनी, हृदय किंवा यकृताचा आजार असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्या.

१. बाबांना एक दिवसाआड शौचाला होतं आणि ते म्हणतात पोटच साफ होत नाही. हे बद्धकोष्ठ आहे का?

नुसतं एक दिवसाआड होतं, एवढ्यावरून नाही. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यातलं काहीही निरोगी माणसात चालतं. सकाळी उठल्याउठल्या मोकळं झालंच पाहिजे, हा आपल्याकडचा जुना दंडक आहे. तो पाळायच्या हट्टापायी कित्येक जण गरज नसताना वर्षानुवर्षं चूर्ण घेतात.

दिवस मोजण्यापेक्षा हे विचारा: कुंथावं लागतं का? खडे होतात का? झाल्यावरही आत काही राहिल्यासारखं वाटतं का? बोटाने काढावं लागतं का? दर चार वेळांपैकी एकीपेक्षा जास्त वेळा असं होत असेल, किंवा आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा होत असेल आणि हे काही महिने चाललं असेल, तर ते बद्धकोष्ठ. डॉक्टर ब्रिस्टल तक्ता वापरतात. त्यात मळाचे सात प्रकार चित्रांसह दिलेले आहेत. पहिला, म्हणजे लेंड्यांसारखे सुटे खडे, आणि दुसरा, म्हणजे खड्यांची जाड गाठ, हे दोन बद्धकोष्ठाचे. तिसरा-चौथा हवा. बाबांना तो तक्ता दाखवून बोट ठेवायला सांगा, तोंडी वर्णनापेक्षा ते लवकर उरकतं.

२. म्हातारपणी हे व्हायचंच. कारण शोधत कशाला बसायचं?

कारण बऱ्याचदा घरातच, गोळ्यांच्या डब्यात सापडतं. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, रक्तदाबासाठी व्हेरापामिल, ट्रॅमाडॉल किंवा कोडीन असलेली वेदनाशामकं आणि खोकल्याची औषधं, झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिलेलं अमिट्रिप्टिलिन, लघवी वारंवार होते म्हणून दिलेलं ऑक्सिब्युटिनिन, सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, अॅल्युमिनियमचं अँटासिड. यातली दोन-तीन एकत्र आली की आतडं मंदावतं. एक गोळी बदलून काम होत असेल तर रेचकाची गरजच उरत नाही. म्हणून डॉक्टरांकडे जाताना सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, आयुर्वेदिक आणि होमिओपॅथिकसुद्धा.

दुसरीकडे थायरॉइड कमी असणं, जुना मधुमेह, पार्किन्सन, रक्तात कॅल्शियम वाढणं किंवा पोटॅशियम कमी होणं. या चाचण्या साध्या आहेत.

आणि तिसरं कारण रिपोर्टमध्ये येत नाही. दात गेले की भाकरी, काकडी, पेरू बंद होतं आणि चहा-खारी, दूध-पोळी, मऊ भात एवढंच उरतं. रात्री उठताना पडायची भीती, म्हणून संध्याकाळनंतर पाणी बंद. सकाळी चहा झाल्यावर सात वाजता कळ येते, पण संडासात न्यायला बाई येते नऊला. दोन तास दाबून ठेवलेली कळ निघून जाते आणि नऊ वाजता बसवल्यावर काही होत नाही. असं रोज झालं की कळ यायचीच कमी होते. अशा घरात औषध बदलण्याआधी बाईंच्या येण्याची वेळ बदलून बघावी.

३. औषध देत न बसता डॉक्टरांकडे कधी न्यायचं?

पोट फुगलंय, उलट्या होताहेत, वायूही सरत नाही, असं असेल तर लगेच रुग्णालयात न्या. अशा वेळी कोणतंही रेचक तोंडावाटे देऊ नका, आतड्यात अडथळा असू शकतो. मळात रक्त किंवा डांबरासारखा काळा मळ, वजन उतरणं, रक्त कमी होणं, आधी कधीच त्रास नव्हता आणि पन्नाशीनंतर अचानक सुरू झाला, घरात कोणाला मोठ्या आतड्याचा कर्करोग झालेला, या सगळ्यांत आधी तपासणी, मग औषध. लोहाच्या गोळीनेही मळ काळा होतो, पण ते तुम्ही ठरवू नका.

४. पोट साफ होण्याची इतकी औषधं आहेत. त्यांच्यात फरक काय?

काम करण्याच्या पद्धतीवरून चार घराणी करता येतील.

फुगणारी: इसबगोल, मिथाइलसेल्युलोज. पाणी धरून मळाचा आकार वाढवतात. गुण यायला एक ते तीन दिवस लागतात.

पाणी ओढणारी: लॅक्टुलोज, पॉलिइथिलीन ग्लायकॉल (चिठ्ठीवर पीईजी किंवा मॅक्रोगॉल), मॅग्नेशियमची औषधं. आतड्यात पाणी धरून ठेवतात, मळ मऊ होतो. लॅक्टुलोज आणि पीईजीचा गुण यायला एक ते दोन दिवस लागतात, मिल्क ऑफ मॅग्नेशिया काही तासांत काम करतं.

आतडं हलवणारी: सोनामुखी, बिसाकोडिल, सोडियम पिकोसल्फेट, एरंडेल. आतड्याच्या आकुंचनाला चालना देतात. रात्री घेतलं की सकाळी होतं, सहा ते बारा तास (एरंडेल मात्र दोन ते सहा).

मऊ किंवा बुळबुळीत करणारी: डॉक्युसेट, लिक्विड पॅराफिन. डॉक्युसेटचा एकट्याने उपयोग होतो याला पुरावा फार कच्चा आहे. पॅराफिनबद्दल प्रश्न १० पाहा.

गुदद्वारातून द्यायची औषधं वेगळी, ती प्रश्न १२ मध्ये.

यातलं ‘कडक’ कोणतं आणि ‘सौम्य’ कोणतं, असं लोक विचारतात. ज्येष्ठांच्या बाबतीत हा प्रश्न फारसा कामाचा नाही. माणूस चालता-फिरता आहे की अंथरुणावर, नीट गिळतो का, पाणी किती पिऊ शकतो, किडनी कशी आहे, या चार गोष्टींवर औषध ठरतं. घरोघरी सौम्य मानलं जाणारं इसबगोल अंथरुणावरच्या आजींना घातक ठरू शकतं आणि कडक मानलेली बिसाकोडिलची गोळी त्यांना योग्य असू शकते.

५. मग सुरुवात कशाने करावी?

कारणं दुरुस्त करूनही भागलं नाही, तर बहुतेक ज्येष्ठांसाठी पीईजी. २०१० च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासणारा आढावा) पीईजी आणि लॅक्टुलोज यांची तुलना झाली. किती वेळा शौचाला होतं, मळ किती मऊ असतो, पोटदुखी किती कमी होते, वरून दुसरं औषध लागतं का, या सगळ्यांत पीईजी सरस ठरलं. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या दोन संघटनांनी २०२३ मध्ये मिळून काढलेल्या सूचनांतही पीईजीची शिफारस ठाम आहे, तर लॅक्टुलोज, सोनामुखी आणि इसबगोलसारखे तंतू यांची शिफारस सशर्त आहे.

नेहमीची मात्रा दिवसाला एकदा १७ ग्रॅम, एक पेलाभर पाण्यात ढवळून. मधुमेह्यांना चालतं, कारण ते शोषलंच जात नाही. चव जवळपास नसते (क्षार घातलेली पाकिटं मात्र खारट लागतात, ती सरबतात मिसळा). दोन-तीन दिवसांत गुण नाही आला तर लगेच ‘हे लागू पडत नाही’ म्हणू नका, प्रश्न ११ पाहा.

पीईजीने भागत नसेल तर सोनामुखी किंवा बिसाकोडिल जोडीला देतात. दोघांची कामं वेगळी असल्याने ही जोडी जमते.

६. आमच्या डॉक्टरांनी लॅक्टुलोज दिलंय. ते बदलून घेऊ का?

चालत असेल तर अजिबात नको. लॅक्टुलोज जुनं, सुरक्षित औषध आहे, जवळपास सगळ्या मेडिकल दुकानांत मिळतं आणि जनऔषधी केंद्रात मूळ नावाने स्वस्त पडतं. मात्रा दिवसाला १५ ते ३० मिलि.

तक्रारी दोन. एक, गॅस. आतड्यातले जिवाणू लॅक्टुलोजवर जगतात आणि वायू करतात. कमी मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवलं तर हे पुष्कळ कमी होतं. तरीही पोट तट्ट फुगत असेल तर पीईजीवर जाण्याचं ते कारण पुरेसं आहे. दुसरी, गोडवा. काही ज्येष्ठांना तो नकोसा होतो, तर मधुमेही घाबरतात. बद्धकोष्ठाच्या नेहमीच्या मात्रेत त्यात थोडी लॅक्टोज-गॅलॅक्टोज असते, तेवढ्याने रक्तातली साखर सहसा बिघडत नाही. यकृताच्या रुग्णांसाठी मात्र वेगळा नियम आहे, तो प्रश्न १९ मध्ये.

७. इसबगोल तर घरोघरी घेतात. त्यात कसली काळजी?

चालत्या-फिरत्या, नीट गिळणाऱ्या, भरपूर पाणी पिणाऱ्या माणसाला इसबगोल उत्तम. पण आपल्याकडे ते घेण्याची पद्धतच चुकते. झोपताना अर्धी वाटी कोमट दुधात दोन चमचे घालायचे, घट्ट होईपर्यंत ढवळत राहायचं, मग ते लगद्यासारखं चमच्याने खायचं आणि आडवं व्हायचं. इसबगोलाला पाणी लागतं. ते पेल्यात मिळालं नाही तर ते अन्ननलिकेत किंवा आतड्यात फुगतं आणि तिथेच अडकू शकतं. म्हणून झोपायच्या तोंडावर नको. एक-दोन चमचे पूर्ण पेलाभर पाण्यात टाकून लगेच प्यायचं आणि वर आणखी एक पेला पाणी.

अंथरुणाला खिळलेल्या, गिळायला त्रास असलेल्या, आधीच मळ साचून बसलेल्या आणि मॉर्फीनसारखी औषधं घेणाऱ्या रुग्णांना देऊ नका. थायरॉइडची गोळी, हृदयासाठीचं डिगॉक्सिन, मानसिक आजारासाठीचं लिथियम यांचं शोषण इसबगोल कमी करतं, त्यामुळे त्यांच्यात किमान दोन तासांचं अंतर ठेवा. आतडं मुळातच खूप मंद असेल किंवा स्नायूच नीट सैल पडत नसतील (प्रश्न २१), तर इसबगोल वाढवत नेल्याने फक्त पोट फुगतं.

८. बिसाकोडिल किंवा सोनामुखीची सवय लागते म्हणतात. आतडी आळशी होतात ना?

नेहमीच्या मात्रेत आतडी निकामी होतात, याला आधार नाही. ही समजूत जुन्या काळातल्या अतिरेकी वापरावरून पसरली. सोनामुखीने मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला तपकिरी रंग येतो, कोलोनोस्कोपीत तो दिसतो आणि घरचे हादरतात. त्याने इजा होत नाही, औषध थांबवल्यावर काही महिन्यांत तो जातो.

मग लोक म्हणतात, ‘पण गोळी बंद केली की होतच नाही!’ ज्याला मुळात बद्धकोष्ठ आहे, त्याचं औषध थांबवल्यावर बद्धकोष्ठच परत येणार. रक्तदाबाची गोळी थांबवल्यावर दाब वाढला तर आपण सवय लागली म्हणत नाही.

खरा धोका जास्त मात्रेचा. जुलाब, पाणी कमी होणं, पोटॅशियम उतरणं. लघवीची गोळी किंवा डिगॉक्सिन चालू असेल तर हे जास्त जपावं लागतं.

बिसाकोडिलची एक खूण लक्षात ठेवा: गोळीवर आवरण असतं, ते आतड्यात विरघळायला हवं. दुधाबरोबर किंवा अँटासिडबरोबर घेतलं तर ते पोटातच विरघळतं आणि कळा येतात. एक तासाचं अंतर हवं. चुरून तर कधीच देऊ नका.

९. आम्ही आयुर्वेदिक चूर्ण देतो. त्याला साइड इफेक्ट नाही ना?

डबी उलटी करून घटक वाचा. बाजारातल्या पोट साफ करणाऱ्या बहुतेक चूर्णांत सोनामुखीची पानं असतात. म्हणजे ते सोनामुखीच घेत आहेत, फक्त चमच्याने मोजून, आणि चमचा दर वर्षी थोडा मोठा होत जातो. अर्ध्या चमच्यावर सुरू झालेले आजोबा दोन चमच्यांवर येतात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. शिवाय काही चूर्णांत सैंधव, काळं मीठ किंवा सज्जीखार असतो. रक्तदाब आणि हृदयाच्या रुग्णांना तो नको. चूर्ण चालूच ठेवायचं असेल तर ते डॉक्टरांना सांगा, नाहीतर ते वर आणखी सोनामुखीची गोळी लिहून देतील.

त्रिफळा तुलनेने सौम्य आहे. हिरडा, बेहडा, आवळा यांपैकी सारक गुण मुख्यतः हिरड्याचा. ज्यांना मानवतं त्यांनी थोड्या मात्रेत घ्यायला हरकत नाही. पीईजीशी तोलता येईल इतके मोठे अभ्यास मात्र त्यावर झालेले नाहीत.

एरंडेलाबद्दलही विचारतात. महिन्यातून एकदा सगळ्या घराला एरंडेल पाजायचे दिवस गेले, ते बरंच झालं. दोन ते सहा तासांत जोराने काम करतं, कळा आणतं आणि पंचाहत्तरीच्या माणसाला संडासापर्यंत धावायला लावतं. पडून खुब्याचं हाड मोडायला तेवढं पुरतं.

१०. दुधासारखं पांढरं किंवा गुलाबी पातळ औषध झोपताना दोन चमचे, कित्येक वर्षं चालू आहे. चालेल का?

लेबल बघा. अशा बाटल्यांत बहुधा मिल्क ऑफ मॅग्नेशिया असतं, अनेकदा जोडीला लिक्विड पॅराफिन, आणि काहींत सोडियम पिकोसल्फेटही.

मॅग्नेशियम शरीराबाहेर टाकायचं काम किडनी करते. वयाबरोबर किडनीचं काम मंदावतं आणि किडनीच्या रक्तचाचणीत क्रिएटिनिन नॉर्मल दिसत असतानाही ते कमी झालेलं असू शकतं, कारण ज्येष्ठांत स्नायूच कमी असतात. रक्तात मॅग्नेशियम साठलं की गळून जाणं, गुंगी, रक्तदाब उतरणं, नाडी मंदावणं इथपर्यंत प्रकरण जातं. किडनीचा आजार असेल तर हे औषध नकोच. नसेल तरी वर्षानुवर्षं तपासणीविना नको.

पॅराफिन हे खनिज तेल. झोपताना, आडवं पडून घेतलं आणि थोडं जरी श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसाला सूज येते, आणि तेल असल्याने खोकलाही नीट येत नाही. ज्येष्ठांसाठी टाळावीत अशा औषधांच्या बीअर्स यादीत तोंडावाटे घ्यायचं खनिज तेल आहे. शिवाय ते गुदद्वारातून झिरपून कपडे खराब करतं आणि अ, ड, ई, के जीवनसत्त्वांचं शोषण कमी करतं. आमचं मत सरळ आहे: सत्तरीनंतर पॅराफिनची बाटली घरात असायचं कारण नाही, त्यापेक्षा चांगले पर्याय आहेत.

११. औषध सुरू करून दोन दिवस झाले, काहीच नाही. मात्रा वाढवू की बदलू?

आधी औषध कोणत्या घराण्यातलं ते बघा (प्रश्न ४). पीईजी-लॅक्टुलोजचा निकाल दोन-तीन दिवसांआधी लावू नका. नंतर मात्रा वाढवायची, तेही डॉक्टरांशी बोलून. सगळ्यात मोठी चूक अशी: सोमवारी लॅक्टुलोज, मंगळवारी काही नाही म्हणून चूर्ण, बुधवारी शेजारच्यांनी सांगितलं म्हणून एरंडेल. गुरुवारी सगळं एकदम काम करतं, आजी दहा वेळा जातात आणि थकून पडतात. मग तीन दिवस आतडं रिकामं असल्याने होत नाही आणि घरचे पुन्हा बाटली उघडतात. मोठ्या जुलाबानंतर दोन-तीन दिवस काही न होणं स्वाभाविक आहे.

१२. सपोझिटरी आणि एनिमा घरी देता येतो का?

सपोझिटरी, म्हणजे गुदद्वारातून आत सरकवायची वडी, देता येते. ग्लिसरीनची किंवा बिसाकोडिलची, साधारण १५ मिनिटं ते तासाभरात काम करते. वेष्टण काढून (हो, तसंच घातल्याची उदाहरणं आहेत), पाण्याने ओली करून, डाव्या कुशीवर झोपवून, बोटाच्या दोन पेरांइतकी आत. बिसाकोडिलची सपोझिटरी मळात रुतली तर उपयोग नाही, ती आतड्याच्या भिंतीला टेकली पाहिजे. सकाळच्या चहानंतर दिली तर नैसर्गिक कळेची साथ मिळते.

एनिमाचं तसं नाही. दुकानात तयार मिळणारा बहुतेक एनिमा सोडियम फॉस्फेटचा असतो. तो बाहेर न पडता आत राहिला तर फॉस्फेट रक्तात जातं, कॅल्शियम खाली येतं, किडनीला इजा होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये इशारा दिला की २४ तासांत एकापेक्षा जास्त मात्रा कधीच नको आणि ५५ च्या पुढच्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. ‘पहिल्याने झालं नाही म्हणून दुसरा दिला’ यातच बहुतेक दुर्घटना होतात. साबणाच्या पाण्याचा घरगुती एनिमाही नको, अस्तर सोलवटतं.

१३. आजीला आठ दिवस झालं नव्हतं, आता चड्डीत सारखं पातळ गळतंय. जुलाबाची गोळी देऊ?

नको! वयस्कांत फसवणारा प्रकार हाच. गुदाशयात मळाचा घट्ट गोळा अडकतो, वरचा पातळ मळ त्याच्या कडेने झिरपत राहतो आणि घरचे जुलाब समजून लोपेरामाइड देतात. गोळा आणखी घट्ट होतो.

सोबत अचानक भ्रमिष्टासारखं बोलणं, लघवी तुंबणं, जेवण सोडणं असू शकतं. कधीकधी तेवढंच दिसतं, बाकी काहीच नाही. म्हणून बरळणाऱ्या आजोबांची तपासणी करताना बोटाने गुदाशय तपासणं हे डॉक्टरांचं काम टाळू नये, आणि नातेवाइकांनी ‘कशाला ते’ म्हणू नये.

उपाय रुग्णालयात किंवा देखरेखीखाली. मोठ्या मात्रेत पीईजी, एनिमा किंवा सपोझिटरी, गरज पडली तर हाताने मोकळं करणं. आणि मोकळं झाल्यावर नियमित रेचक, कारण पुढच्या महिन्यात पुन्हा हेच होतं.

१४. आई पूर्ण अंथरुणावर आहे. तिला काय द्यावं?

इसबगोल आणि पॅराफिन सोडून बाकीच्यांतून. नुसतं मऊ करणारं औषध दिलं तर मळ पातळ होतो पण ढकलायला जोर नसल्याने तो दिवसभर थोडा थोडा गळतो, त्वचा भाजते आणि बेडसोअर चिघळतो. त्यामुळे पीईजी कमी मात्रेत, जोडीला सोनामुखी किंवा बिसाकोडिल आणि ठरलेल्या दिवशी सकाळी सपोझिटरी, अशी आखणी जास्त सोयीची. कोणत्या दिवशी झालं ते कॅलेंडरवर खूण करून ठेवा. तीन माणसं आळीपाळीने बघत असतील तर प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याच्या वेळी झालं.

उचलून कमोड-खुर्चीवर बसवता येत असेल तर बसवा. बेडपॅनवर आडवं पडून होणं अवघड असतं.

१५. कर्करोगाच्या दुखण्यासाठी मॉर्फीन सुरू केलंय. बद्धकोष्ठ झाल्यावर औषध द्यायचं ना?

झाल्यावर नाही, मॉर्फीनच्या पहिल्या दिवसापासून. गुंगी, मळमळ यांची शरीराला काही दिवसांत सवय होते, बद्धकोष्ठाची होत नाही. ट्रॅमाडॉल, कोडीन, फेंटानिलचा पॅच यांनाही हेच लागू. सोनामुखी किंवा बिसाकोडिल आणि पीईजी ही जोडी. इसबगोल नाही. यानेही भागलं नाही तर मिथाइलनाल्ट्रेक्सोन, नॅलोक्सेगॉल अशी औषधं आहेत. ती आतड्यावरचा मॉर्फीनचा परिणाम उतरवतात, वेदनाशमन तसंच ठेवतात. बद्धकोष्ठाच्या भीतीने दुखण्याचं औषध मात्र कमी करू नका.

१६. बाबांना पार्किन्सन आहे. वेगळं काही?

पार्किन्सनमध्ये बद्धकोष्ठ कंपाच्या कित्येक वर्षं आधीही सुरू झालेलं असतं. इथेही पीईजी चांगलं काम करतं. कंपासाठीचं ट्रायहेक्सिफेनिडिल चालू असेल तर ते बद्धकोष्ठ वाढवतं, न्यूरॉलॉजिस्टना विचारा. पोट साफ नसलं तर लेव्होडोपाचा (पार्किन्सनच्या मुख्य औषधाचा) गुणही उशिरा येऊ शकतो, तेव्हा हा त्रास किरकोळ समजू नका. गिळण्याचा त्रास सुरू झाला असेल तर पुढचा प्रश्न वाचा.

१७. पक्षाघातानंतर पाणी घट्ट करणारी पावडर घालून देतो. त्यातच पीईजी मिसळलं तर?

पावडर स्टार्चची असेल तर नाही. पीईजी मिसळल्यावर स्टार्चने घट्ट केलेलं पाणी पुन्हा पातळ होतं आणि ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. ब्रिटनच्या औषध नियामकाने २०२१ मध्ये यावर खास सूचना काढली. डब्यावर स्टार्च लिहिलं आहे की झँथन गम, ते बघा आणि गिळण्याचं शिकवणाऱ्या थेरपिस्टना विचारा. अशा रुग्णांना सपोझिटरीवर भर देणं सोपं जातं.

१८. हृदयाच्या डॉक्टरांनी दिवसाला दीड लिटर पाणीच सांगितलंय. आणि सगळे म्हणतात भरपूर पाणी प्या!

हृदयाच्या डॉक्टरांचं ऐका. शरीरात पाणी कमी पडलेल्याला जास्त पाण्याचा उपयोग होतो. बाकीच्यांना तांब्यावर तांबे पिऊन फक्त लघवी जास्त होते. पीईजी-लॅक्टुलोज चालतं, पण पीईजीसाठी लागणारं पाणी त्या दीड लिटरातच मोजा. इसबगोल नको. क्षारयुक्त पाकिटांत आणि पोट हलकं करायच्या फ्रूट सॉल्टमध्ये सोडियम असतं (आणि फ्रूट सॉल्ट हे रेचक नाहीच, ते अॅसिडिटीचं औषध). किडनीच्या रुग्णांना मॅग्नेशियम आणि फॉस्फेट दोन्ही वर्ज्य. जोराने कुंथल्यावर रक्तदाब एकदम खाली येऊन संडासातच भोवळ येऊ शकते, म्हणून हृदयरुग्णाचं बद्धकोष्ठ अंगावर काढू नये.

१९. काकांना लिव्हर सिरॉसिस आहे. लॅक्टुलोजने दिवसातून तीनदा होतं, बंद केलं तर?

बंद करू नका. त्यांना ते बद्धकोष्ठासाठी दिलेलंच नाही. यकृत बिघडलं की आतड्यातला अमोनिया मेंदूपर्यंत पोहोचतो आणि माणूस गुंगतो, बरळतो. लॅक्टुलोज तो अमोनिया बाहेर काढतं. दिवसाला दोन-तीन मऊ शौच हेच तिथे उद्दिष्ट असतं. चारच्या पुढे गेलं तर मात्रा कमी करण्याबद्दल डॉक्टरांना विचारा.

२०. प्रुकॅलोप्राइड नावाची नवी गोळी चांगली आहे का?

रेचकांनी भागलं नाही, त्यांच्यासाठी आहे. आतड्याच्या हालचालीला चालना देते. ६५ च्या पुढे १ मिलिग्रॅमने सुरू करतात, तरुणांना २. पहिल्या दिवशी डोकेदुखी, मळमळ, जुलाब होतात, मग बहुतेकांचे थांबतात. याच धाटणीच्या सिसाप्राइड आणि टेगासेरॉड या जुन्या गोळ्यांवर भारतात २०११ मध्ये बंदी आली. तो हृदयाचा धोका प्रुकॅलोप्राइडमध्ये दिसलेला नाही. महाग आहे, आणि पहिलं औषध म्हणून घ्यायचं कारण नाही.

२१. मळ मऊ आहे, तरी अर्धा तास बसूनही बाहेर येत नाही.

मग आणखी रेचक देऊन फायदा नाही. काहींमध्ये जोर लावताना गुदद्वाराचे स्नायू सैल पडायच्या ऐवजी आवळतात. त्यावर बायोफीडबॅक नावाचं प्रशिक्षण आहे, मोठ्या शहरांतल्या पोटविकार विभागांत ते मिळतं. स्त्रियांमध्ये गुदाशयाचा फुगवटा पुढे येणं हेही कारण असतं.

तोवर कमोडवर बसताना पायाखाली पाट किंवा बुटकं स्टूल ठेवा, गुडघे कंबरेच्या वर आणि थोडं पुढे झुकून. भारतीय पद्धतीच्या संडासात ही बैठक आपोआप जमते, पण गुडघे बदललेल्यांना तो पर्याय नाही. दहा मिनिटांत नाही झालं तर उठायचं. पेपर आत न्यायचा नाही.

२२. अंजीर, मनुका, पपई यांनी भागणार नाही का?

सौम्य त्रासात भागतं. सुक्या आलुबुखाराची इसबगोलाशी तुलना झाली आहे आणि त्यात आलुबुखार सरस ठरलं, पण ते रुग्ण वयस्क नव्हते. भिजवलेले अंजीर-मनुका चावता येतात, त्यामुळे दात नसलेल्यांना सोयीचे (मधुमेह्यांनी मोजून). तंतू हळूहळू वाढवा. एका आठवड्यात भाकरी, उसळ, पालेभाजी सगळं आणलं तर गॅसने हैराण व्हाल. मळ आधीच साचलेला असेल तर तो मोकळा होईपर्यंत तंतू वाढवू नका.

२३. आता नीट होतंय. औषध कधी बंद करायचं?

कारण तात्पुरतं असेल, उदाहरणार्थ ऑपरेशन किंवा प्रवास, तर दोन-तीन आठवडे नीट झाल्यावर मात्रा हळूहळू उतरवा. दोन औषधं असतील तर एका वेळी एकच, आणि शक्यतो आधी सोनामुखी किंवा बिसाकोडिल. पार्किन्सन, मॉर्फीन, अंथरुणावरचं आयुष्य ही कारणं राहणारी असतील तर औषधही राहणार. पीईजी महिनोन्महिने घेतलेल्यांवर, ज्येष्ठांसह, अभ्यास झालेले आहेत.

२४. कोलोनोस्कोपीच्या वेळी आणलेली पीईजीची मोठी पाकिटं उरलीत. तीच थोडी थोडी वापरू का?

नको. औषध तेच असलं तरी ते पाकीट साधारण दोन लिटर पाण्यात कालवून एका बैठकीत आतडं धुवून काढायला बनवलेलं असतं आणि त्यात सोडियम-पोटॅशियमचे क्षार त्या हिशेबाने घातलेले असतात. त्यातून चमच्याने रोजची मात्रा काढता येत नाही. उरलेलं पाकीट औषधांच्या कपाटातून काढून टाका. रोजच्यासाठी १७ ग्रॅम मोजून देणारा डबा किंवा छोटी पाकिटं वेगळी मिळतात.